मणिपूर चक्र 'ब्लॉक' झालंय म्हणतात, म्हणजे नेमकं काय झालंय?

केळीबाग_चोपडा:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतो, आज पहिल्यांदाच लिहून राहिलो, लांबलं तर सांभाळून घ्या. वय ४३, चोपड्याला कृषी केंद्र आहे, थोडी केळी आहे. पित्ताचा त्रास जुना. गेल्या महिन्यात दुकानात गर्दी कमी म्हणून मित्राच्या नादाने एका योगवर्गाला जायला लागलो, पहाटे साडेपाचला, २१ दिवसांचा कोर्स. वर्गाचं नाव सांगत नाही, उगाच कोणाची बदनामी नको.

तिसऱ्याच दिवशी सरांनी माझ्या बेंबीसमोर हात धरला, लावला नाही हां, चार बोटं लांबच धरला, डोळे मिटले आणि म्हणाले तुमचं मणिपूर चक्र (बेंबीपाशी मानतात ते) पूर्ण ब्लॉक आहे, पित्त त्याच्यामुळेच. मग उपाय सांगितले. पोटावर पिवळं कापड ठेवून झोपायचं, रं रं असा जप १०८ वेळा, आणि भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा जोरजोरात श्वास, रोज १५ मिनिटं. पिवळं कापड घ्यायला बायकोला सांगितलं तर ती म्हणे हळदीचं आहे घरात ते चालंल का.

आता खरी अडचण. दहाबारा दिवसांनी ध्यानाला बसलो की अंगाला एकदम झटका बसतो, मान मागे जाते. कमरेपासून मानेपर्यंत गरम गरम काहीतरी चढल्यासारखं वाटतं. भस्त्रिका झाली की बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, एकदा तर बोटं आखडलीच. सरांना विचारलं तर ते खूश, म्हणे कुंडलिनी (पाठीच्या तळाशी निजलेली मानतात ती शक्ती) हलायला लागली, आता मधे सोडू नका, दुसरी लेव्हल करा, साडेसहा हजार. बायको घाबरलेली आहे. आप्पा (वडील, वारकरी, ७६ वय) म्हणाले की तुझ्या सरांना विचार, कुंडलिनीला वेढे किती. विचारलं. सर म्हणाले सात. आप्पा हसले आणि म्हणाले, "औट. ज्याला औटकी येत नाही त्याने कुंडलिनी शिकवू नये." मला औटकी काय ते पण माहीत नव्हतं.

तर प्रश्न असा की हे चक्र ब्लॉक होणं खरं असतं का, ते रंग कुठून आले, आणि मला जे होऊन राहिलं त्यात घाबरण्यासारखं काही आहे का?

---

शेवभाजी_जिंदाबाद:

भो, तुनं मणिपूर नही, तुनी शेवभाजी ब्लॉक करी राह्यनी. तर्री कमी कर आनि मंग सांग.

---

भुसावळ_जंक्शन:

वरच्या भाऊचं हसण्यावारी घेऊ नका, अर्धं खरं आहे ते.

मी रेल्वेत इंजिनावर नोकरी केली, आता रिटायर. प्राणायाम वीसेक वर्षं करतो. पहिलं काम करा, ती १५ मिनिटांची भस्त्रिका उद्यापासून बंद करा. नवीन माणसाला १५ मिनिटं भस्त्रिका कोणी देतं का? माझ्या गुरुजींनी मला सुरुवातीला दहा-दहा श्वासांच्या दोन फेऱ्या दिल्या होत्या, मधे पूर्ण विसावा, आणि तेवढ्यावर चार महिने ठेवलं.

मी स्वतः एकदा शहाणपणा केलेला आहे. पुस्तकात वाचून कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, वाढवत नेला. नाइट ड्यूटी करून यायचो आणि न झोपता बसायचो. महिनाभरात डोकं तापलेलं राहायला लागलं, झोप उडाली, बायकापोरांवर खेकसायला लागलो. मला वाटलं शक्ती जागी झाली. गुरुजींकडे गेलो तर त्यांनी शक्तीबिक्ती काही विचारलं नाही, विचारलं की जेवतो किती वाजता आणि झोपतो किती वाजता. मग म्हणाले सगळं बंद, दूधभात-तूप खा, संध्याकाळी पायी फीर, दोन महिन्यांनी ये. आणि हठप्रदीपिका काढून दाखवली. त्यात लिहिलेलंच आहे की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करावे लागतात तसाच वायू, नाहीतर तो साधकालाच मारतो. त्याच्या लगेच पुढे उचकी, दमा, खोकला, डोकं-कान-डोळे दुखणं ही यादी आहे, चुकीच्या प्राणायामाने काय होतं त्याची. पंधराव्या शतकातला ग्रंथ आहे, म्हणजे तेव्हापण लोक घाई करत असणारच.

तुमच्या सरांना ही यादी दाखवा.

---

एरंडोलची_ताई:

केळीबाग भाऊ, तुमचे आप्पा भेटले पाहिजेत मला! औट म्हणजे साडेतीन. आमच्या वडिलांना पावकी, निमकी, औटकी सगळं पाठ होतं, औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, औट, सात, साडेदहा, चौदा असा. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माउली कुंडलिनी साडेतीन वेढे घालून खाली तोंड करून निजलेली सांगतात आणि शब्द औटच वापरतात. कुंकवात न्हाऊन वेटोळं करून निजलेल्या नागिणीच्या पिल्लाची उपमापण तिथलीच. तुमच्या सरांनी चक्रं सात म्हणून वेढेपण सात केले असणार.

मी शाळेत संस्कृत शिकवायचे म्हणून रंगांचं सांगते. आज जी सहा अधिक डोक्याच्या टाळूवरचं सहस्रार अशी चक्रं सगळीकडे दिसतात त्यांचा सगळ्यात गाजलेला ग्रंथ म्हणजे षट्चक्रनिरूपण, बंगालकडच्या पूर्णानंदांचा, १५७७ सालचा. जॉन वुड्रॉफ नावाच्या कलकत्त्याच्या हायकोर्टाच्या न्यायाधीशाने १९१९ला त्याचं इंग्रजी केलं आणि मग ते जगभर गेलं. आता त्यात मणिपूर कसं आहे ते बघा. दहा पाकळ्या, आणि त्यांचा रंग पाण्याने भरलेल्या ढगासारखा. पिवळा नाही, काळासावळा! मधे लाल त्रिकोण, अग्नीचा. त्यात रं हे बीजाक्षर मेंढ्यावर बसलेलं. म्हणजे रं तुमच्या सरांनी बरोबर सांगितलं, पिवळं कापड मात्र ग्रंथात नाही. पिवळा आहे तो खाली मूलाधारात, पृथ्वीचा चौकोन. हृदयातलं अनाहत आजकालच्या चित्रात हिरवं असतं, ग्रंथात ते दुपारी नावाच्या फुलासारखं लाल आहे. ते खालून वर तांबडा-नारिंगी-पिवळा-हिरवा असं इंद्रधनुष्य लावलंय ना, ते पाश्चात्त्य लोकांनी १९७०च्या आसपास रूढ केलेलं, पोस्टरवर छान दिसतं म्हणून टिकलं असं माझं मत.

पण त्या ग्रंथात एक गंमत आहे ती मला रंगांपेक्षा जास्त आवडते. पाकळ्या मोजा. विशुद्ध सोळा, अनाहत बारा, मणिपूर दहा, स्वाधिष्ठान सहा, मूलाधार चार, आज्ञा दोन. बेरीज पन्नास. आणि प्रत्येक पाकळीवर एक अक्षर. गळ्यात सोळा स्वर, हृदयात क पासून ठ, बेंबीपाशी ड पासून फ, त्याखाली ब ते ल, मग व श ष स, आणि भुवयांमधे उरलेले ह आणि क्ष. संपूर्ण वर्णमाला अंगावर मांडलेली आहे! म्हणजे हे नुसतं शरीराचं वर्णन नाही, जपाला अक्षरं कुठे ठेवायची त्याचा तो आराखडा आहे. मी पाचवीच्या मुलांना एकदा फळ्यावर माणूस काढून ही अक्षरं भरून दाखवली होती, पोरांना वर्णमाला दोन दिवसात पाठ झाली, मुख्याध्यापकांनी मात्र विचारलं की बाई हे कोणत्या युनिटमधे येतं.

अजून एक, सगळ्या परंपरांमधे चक्रं सहाच आहेत असंही नाही. गोरक्षनाथांच्या नावावरच्या सिद्धसिद्धान्तपद्धतीत नऊ आहेत. पतंजलींनी योगसूत्रांच्या विभूतिपादात नाभिचक्राचा उल्लेख केलाय, त्याच्यावर संयम (धारणा, ध्यान, समाधी एकत्र) केला तर शरीराची रचना कळते म्हणून, पण कुंडलिनीचं नावसुद्धा घेतलेलं नाही. चक्रं खांद्या-गुडघ्यासारखी असती तर नाथांची वेगळी आणि बंगाल्यांची वेगळी झाली नसती.

---

साधक_सात:

ताई पुस्तकं वाचून चक्र कळत नसतात. ज्याला अनुभव आला त्यालाच कळतं. भाऊंना प्रत्यक्ष अनुभव येऊन राहिला आणि तुम्ही सगळे मिळून त्यांना मागे ओढताय. मलाही पाठीत असंच गरम वाटायचं, नंतर खूप शांतता मिळाली, दारू सुटली. ब्लॉक नसतं कसं म्हणता, नाड्या मळाने भरलेल्या असतात हे तुमच्या हठप्रदीपिकेतच आहे ना.

---

एरंडोलची_ताई:

साधक_सात, दारू सुटली हे फार मोठं झालं, त्याच्यावर मी एक शब्द बोलणार नाही. आणि तुमचं बरोबरच आहे, नाड्या मळाने भरल्या असतील तर वायू मधल्या वाटेने जात नाही असं त्यात आहे. ब्रह्मग्रंथी, विष्णुग्रंथी, रुद्रग्रंथी अशा तीन गाठीपण आहेत. पण मी काय म्हणते ते बघा, तिथे मळ आहे तो नाड्यांमधे, सगळ्यांच्याच, आणि तो काढायला नाडीशोधन (आलटून पालटून एकेका नाकपुडीने श्वास) सांगितलंय, महिनोन्महिने. अमक्या माणसाचं तमकं चक्र बंद म्हणून त्याला पित्त, तमकं बंद म्हणून नवराबायकोचं पटत नाही, असं निदान करायची पद्धत त्या ग्रंथात नाहीये, ती आजकालची. चार बोटं लांबून हात धरून तर नाहीच नाही.

अनुभव खोटा असं मी कुठेच म्हटलं नाही. अनुभव भाऊंचा आहे, त्याचा अर्थ मात्र सरांनी लावलाय, आणि त्या अर्थाला साडेसहा हजार पडतात.

---

धुळे_ओपीडी:

मी डॉक्टर आहे, फिजिशियन. एरवी अशा विषयात पडत नाही पण इथे लक्षणं आहेत म्हणून लिहितो.

मुंग्या आणि बोटं आखडणं हे तर आमच्या पुस्तकातलं आहे. जोरजोरात बराच वेळ श्वास सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली येतो, त्याने रक्तातलं मोकळं कॅल्शियम थोडा वेळ कमी पडतं, आणि मग ओठांना, बोटांना मुंग्या, हात आखडणं, चक्कर. घाबरलेल्या माणसात रोज बघतो आम्ही. श्वास नेहमीसारखा झाला की आपोआप जातं. झटक्यांचं म्हणाल तर पहाटे पाच म्हणजे झोप किती तास होते तुमची? डोळा लागता लागता खड्ड्यात पडल्यासारखा धक्का बसतो ना, मिटल्या डोळ्यांनी शांत बसलात आणि झोप अपुरी असली की तेच होतं. पण झटक्यात शुद्ध हरपली, जीभ चावली गेली असं काही असेल तर ते वेगळं, मग दाखवा.

पाठीतली गरमी मात्र मी फोनवर पण सांगणार नाही, तपासावी लागेल. पित्तवाला माणूस, त्यात पोटाला झटके देणारी भस्त्रिका, ॲसिड वर येणारच, जळजळ पाठीत पण जाणवते. तुम्ही चाळिशीच्या पुढे आहात तर एक ईसीजी काढून घ्या, त्यात कमीपणा नाही. गिळताना अडकतं का, वजन उतरलं का, शौचाला काळं होतं का, चालताना छातीत दाब येऊन घाम फुटतो का, यातलं एकही असेल तर हा धागा वाचत बसू नका, उठा आणि जा. आणि दुखण्याच्या गोळ्या घेता का ते सांगा.

बाकी चक्रं शरीरात सापडतात का म्हणाल तर आमच्या आधीच एकाने बघून ठेवलंय. स्वामी दयानंद सरस्वतींनी नदीत वाहत आलेलं प्रेत बाहेर ओढून चाकूने उघडलं होतं, हठयोगाच्या पुस्तकातल्या वर्णनाशी ताडून बघायला. काही जुळलं नाही तेव्हा त्यांनी प्रेताबरोबर पुस्तकंही फाडून नदीत सोडली, हे त्यांनी स्वतः आत्मचरित्रात सांगितलंय. उलट टोकाला मुंबईचे डॉ. रेळे, १९२७ साली त्यांनी कुंडलिनी म्हणजे व्हेगस नर्व्ह (मेंदूतून पोटापर्यंत जाणारी नस) असं मांडलं. त्यांच्या पुस्तकाला प्रस्तावना वुड्रॉफचीच आणि तो त्यातच म्हणतो की मला हे पटत नाही! मला दयानंद जास्त आवडतात, निदान स्वतः उघडून तरी पाहिलं.

---

एरंडोलची_ताई:

डॉक्टर, चाकूने कशी सापडतील? दोन गावांची शीव असते ना, शेतात खणून बघितलं तर शीव सापडत नाही, माती तीच इकडे आणि तीच तिकडे. म्हणून शीव नाही असं कोणी म्हणून बघावं, तंटे होतात तिच्यावरून. चक्रं तशी, लक्ष कुठे न्यायचं त्या जागा. त्या ध्यानाने मांडायच्या असतात.

तुमच्याकडे बेंबी सरकलेले पेशंट येतात का हो? आमची आजी काढायची. माणसाला उताणं निजवायचं, बेंबीवर कणकेची छोटी वाटी, त्यात तेलवातीचा दिवा, आणि वरून तांब्या पालथा घालायचा. दिवा विझला की तांब्या पोटाला असा चिकटून बसायचा की आम्ही पोरं बघत राहायचो. थोड्या वेळाने कडेला बोट दाबलं की फस्स करून सुटायचा. मला सातवीत असताना केलं होतं, पोटावर लाल गोल दोन दिवस होता, पण पोटदुखी गेली होती हेही खरं. आजीला मणिपूर शब्द माहीत नव्हता. पण सगळं दुखणं बेंबीपाशी असतं यावर तिचा पक्का विश्वास होता.

---

धुळे_ओपीडी:

येतात की. तांब्याने भाजलेले पण येतात. सातवीतली पोटदुखी बहुतेक वेळा आपोआपच जाते ताई, श्रेय तांब्याला.

---

भुसावळ_जंक्शन:

मोजमापाचा विषय निघालाच आहे तर आपल्याच भागातलं एक सांगतो, बऱ्याच जणांना माहीत नसतं. लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ला काढलं ते स्वामी कुवलयानंद, ते त्याआधी आपल्या अमळनेरला कॉलेजात शिकवत होते. योग शिकले ते नर्मदाकाठी माळसरला माधवदासजींकडे. मग या माणसाने बडोद्याला उड्डियान आणि नौली (पोट आत ओढायच्या, घुसळायच्या योगक्रिया) करणाऱ्यांचे क्ष-किरण फोटो काढले, नौलीत पोटाच्या आत दाब बाहेरपेक्षा खाली जातो हे नळ्या लावून मोजून दाखवलं. शंभर वर्षांपूर्वी! आणि आज आपण चार बोटं लांबून हात धरून निदान करून राहिलो.

---

मेहूणचा_वारकरी:

रामकृष्णहरी. तुम्ही सगळ्यांनी चोपड्याच्या भाऊंना इकडचं तिकडचं सांगितलं पण तापी-पूर्णेच्या संगमावर जे बसलेत त्यांचं नाव कोणी घेतलं नाही. आमच्या मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवाचं देऊळ आहे, संगमाच्या काठाला, काळ्या दगडाचं. चांगदेव म्हणजे योगसिद्धीचा कळस, चौदाशे वर्षं जगला म्हणतात, प्रत्येक वेळी मरण आलं की समाधी लावून चुकवायचा. त्याने माउलींना पत्र लिहायला घेतलं तर मायना काय लिहावा तेच सुचेना, वडील म्हणावं तर ते वयाने लहान, चिरंजीव म्हणावं तर ज्ञानाने मोठे. शेवटी कोरंच पाठवलं. मुक्ताई बघून म्हणाली चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. त्याला उत्तर म्हणून माउलींनी ज्या पासष्ट ओव्या लिहिल्या ती चांगदेव पासष्टी. पूर्ण वाचा, एका चक्राचं नाव सापडणार नाही. आणि चांगदेवाने शेवटी गुरू केली ती मुक्ताई, त्याच्यापुढे नातवाच्या नातवाएवढी पोर. तिचं देऊळ पण इथेच.

आता कोणी म्हणेल की माउलींनीच सहाव्या अध्यायात कुंडलिनी सांगितली. सांगितली ना. ते नाथपंथी, गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांकडे आणि त्यांच्याकडून माउलींकडे आलेलं, ते लपवतील कशाला? पण आप्पा रोज संध्याकाळी जो हरिपाठ म्हणत असतील त्याच्या पाचव्या अभंगात तेच माउली योगयागाने सिद्धी नाही म्हणून मोकळे होतात. आमचे महाराज म्हणायचे, सहावा अध्याय ज्याने लिहिला त्यालाच पाचवा अभंग लिहायचा अधिकार, आपण आपलं टाळ घ्यावा.

---

साधक_सात:

बरं. पण मग अथर्वशीर्षात गणपतीला मूलाधारात नित्य राहणारा म्हटलंय त्याचं काय? ते तर सगळेच म्हणतात.

---

एरंडोलची_ताई:

म्हणतात ना, आणि मीही म्हणते, पद्मालयाला जाऊन म्हणते. तिथल्या तळ्यात कमळं असतात, एकदा काठाला बसून एका फुलाच्या पाकळ्या मोजायला घेतल्या होत्या, चार निघतात का दहा निघतात का बघू म्हणून. सतरापर्यंत गेले आणि मग आतल्या बारीक पाकळ्या कुठे संपतात नि केसर कुठे सुरू होतं तेच कळेना. नवरा म्हणाला, गाडी सुटेल.

नित्य राहतो म्हटलंय ना हो, मग तो ब्लॉक कसा होईल?

---

केळीबाग_चोपडा:

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितोय कारण चार दिवस धुळ्याला होतो. डॉक्टरसाहेबांनी गोळ्यांचं विचारलं तिथे मी पकडला गेलो. कमरेसाठी दुखण्याची गोळी मी वर्षभर घेऊन राहिलो, मेडिकलवरून परस्पर, आणि पहाटे वर्गाला जायच्या आधी उपाशीपोटी, म्हणजे वाकताना दुखायला नको म्हणून. हे मी सरांना कधी सांगितलं नाही आणि त्यांनीपण विचारलं नाही. ईसीजी चांगला आला. दुर्बिणीतून बघितलं तर जठराला सूज आणि बारीक जखमा आहेत, गोळी बंद केली, दुसरं औषध दीड महिना दिलंय. केळीच्या ठिबकची नळी चोक झाली की आपण तिच्यात ॲसिड सोडून साफ करतो, मी स्वतः शेतकऱ्यांना दुकानातून देतो ते, आणि डॉक्टर मला म्हणाले तुमच्या पोटात तेच चाललंय, फक्त तिथे चोक काही नव्हतं.

भस्त्रिका सोडल्यापासून मुंग्या गेल्या. झटके कमी आहेत, गेले नाहीत. सकाळी सातला उठून नुसतं नाडीशोधन करतो, पाच मिनिटं, जंक्शनवाल्या काकांनी सांगितलं त्या बेताने. पाठीत गरम वाटतं अधूनमधून, जळजळीसारखं नाही, वेगळंच, बरं वाटतं. ते काय आहे ते मी आता कोणाला विचारणार नाही बहुतेक.

सरांचा फोन आला होता, लेव्हल टूची बॅच सोमवारी. म्हटलं केळीची कटाई आहे.

आप्पांनी सहावा अध्याय काढलाय, रोज जेवणानंतर दहा ओव्या, अर्थ तेच सांगतात आणि मधेच विसरतात. काल औटकी म्हणून दाखवली, औट नव्वे साडेएकतीसपर्यंत गेले न अडखळता. पिवळं कापड बायकोने गच्चीवर नेलंय, बिबडे वाळत घातलेत त्याच्यावर.